फ्रँक स्त्रियांचे ब्रोच: जोडीने का, आणि अंगावर नेमके कोठे?

रेशीमधागा:

नमस्कार. वेशभूषेच्या इतिहासावर मी एक दीर्घ टिपण लिहीत आहे आणि त्यातील मेरोव्हिंजियन काळाच्या, म्हणजे साधारण इ.स. ४५० ते ७५० या कालखंडाच्या भागापाशी अडले आहे. या काळातील फ्रँक (आजच्या फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीच्या भागात सत्ता गाजवणाऱ्या जर्मानिक जमातीच्या) स्त्रियांच्या थडग्यांतून निघालेल्या ब्रोचांची छायाचित्रे मी बरीच पाहिली. लाल खड्यांनी भरलेल्या गोल चकत्या, एकच डोळा असलेले बाकदार चोचीचे पक्षी आणि वितीच्या निम्म्याएवढे लांब, मध्ये कमानीसारखे उचललेले चांदीचे ब्रोच, असे त्यांचे ढोबळ प्रकार दिसतात.

छायाचित्रांत हे दागिने काळ्या मखमलीवर सुटे मांडलेले असतात, त्यामुळे ते कपड्यावर कोठे आणि कसे लावले जात, हे त्यांवरून काहीच उमगत नाही. एकाच स्त्रीच्या थडग्यात चार ब्रोच सापडल्याचे उल्लेख वारंवार येतात. मग त्या चारही ब्रोचांनी वस्त्र अडकवले जाई, की त्यांतले काही केवळ शोभेचे असत? लाल खडे भारतातून गेले, असे एके ठिकाणी वाचले. त्याला आधार आहे का? शिवाय ‘फ्रँक ब्रोच’, ‘अलामान ब्रोच’ अशी जी नावे दिली जातात, त्यांवरून ती स्त्री कोणत्या जमातीची होती हे ठरवता येते का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.

पुराविद्यार्थी:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दागिन्यात नसून थडग्यात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. देह मातीत विरतो, कापड तर त्याच्याही आधी जाते, परंतु धातूची वस्तू हाडांच्या संदर्भात ज्या जागी सापडते ती जागा उत्खनकाने काळजीपूर्वक रेखाटून ठेवली असेल, तर वस्त्र कसे होते याचा पुष्कळ अंदाज बांधता येतो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, उत्तर गॉल (आजचा उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमचा भाग) आणि ऱ्हाइनच्या खोऱ्यातील सधन स्त्रियांच्या थडग्यांत एक ठरावीक मांडणी पुन्हापुन्हा दिसते. दोन लहान ब्रोच गळ्याखाली किंवा छातीवर, बहुधा एकाखाली एक. आणि दोन मोठे कमानदार ब्रोच कमरेच्या खाली, ओटीपोटावर किंवा थेट मांड्यांच्या मध्ये. अभ्यासक हिला चार ब्रोचांचा वेश म्हणतात.

लहान जोडीबद्दल फारसा वाद नाही. समोरून उघडणारे एखादे उपरणे किंवा झगा तिने बंद केला जाई. आपण पाहिलेले पक्षी आणि लहान गोल चकत्या याच जोडीतल्या. खरा पेच आहे तो मोठ्या जोडीचा. आधीच्या पिढीतील काही अभ्यासकांच्या मते वरचा झगा खालपर्यंत समोरून उघडा असे आणि हे ब्रोच तो खालच्या बाजूला अडकवीत. मॅक्स मार्टिन या पुरातत्त्वज्ञाने या समजाला तर्कशुद्ध आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे की, हे ब्रोच कमरपट्ट्यापासून खाली सोडलेल्या एका पट्टीवर लावलेले असत आणि त्या पट्टीच्या टोकाला ताईतासारख्या वस्तू लोंबत. श्रीमंत स्त्रियांच्या थडग्यांत चांदीच्या पट्ट्यांत बसवलेला स्फटिकाचा गोळा गुडघ्यांच्या आसपास सापडतो, तो याच पट्टीचा भाग. मला हा उलगडा अधिक पटतो, कारण मांड्यांच्या मध्ये दोन जड ब्रोचांनी झगा अडकवला तर चालताना अडचण होईल, आणि गोळ्याची जागाही त्याने समजत नाही. तरीही प्रत्येक थडग्याला एकच नियम लावू नये, असे मला वाटते. काही ठिकाणी मोठे ब्रोच कमरेजवळ आहेत, काही ठिकाणी बरेच खाली.

ब्रोचाची पाठ पाहायला मिळाली तर अवश्य पाहावी. पुढचा भाग चांदीचा, त्यावर सोन्याचा मुलामा. मागे मात्र स्प्रिंग, टाचणी आणि ती अडकवण्याचा आकडा, म्हणजे थेट आजची सेफ्टी पिन. टाचणी पुष्कळदा लोखंडी असते आणि आज ती गंजाचा एक गोळा होऊन बसलेली दिसते. पण याच गंजाने मोठे उपकार केले आहेत, कारण टाचणीला लागून असलेल्या कापडाचे धागे गंजाच्या क्षारांत जिरून दगडासारखे टिकून राहतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की धागा तागाचा की लोकरीचा, पीळ उजवा की डावा, वीण साधी की तिरकी, हे सांगता येते. जुन्या काळी संग्रहालये ब्रोच ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात हा गंज खरवडून टाकीत, आणि त्याबरोबर वस्त्राची एकमेव साक्षही जाई. याचे मला मनापासून दुःख वाटते.

कमानदार ब्रोचाची कमान ही केवळ शोभेची नाही, हेही नमूद करतो. कापडाच्या चुण्या गोळा होऊन टाचणीवर बसल्या की त्यांना सामावायला जागा लागते, आणि ती जागा त्या उचललेल्या कमानीखाली मिळते. जाड लोकरीच्या वस्त्राला ती हवीच. चपटी गोल चकती आली, तेव्हा ती अडकवायला कापड पातळ असावे लागले किंवा त्याच्या काठाला नाके शिवावे लागले असणार.

कोंदण:

मी जडावाच्या कामाच्या बाजूने लिहितो, कारण आमच्या घरात तोच धंदा आहे आणि या ब्रोचांचे काम मला कित्येक वर्षे खुणावत आले आहे.

लाल खडे गार्नेटचे. गोल चकतीच्या कामात सोन्याच्या किंवा चांदीच्या पातळ पट्ट्या उभ्या ठेवून, एकमेकींना आणि तळाच्या पत्र्याला झाळून कप्पे तयार करीत. प्रत्येक कप्प्याच्या आकाराबरहुकूम गार्नेटचा चपटा तुकडा कापीत आणि घासून तो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा करीत. त्याहूनही पातळ तुकडे सापडतात. गार्नेट हा काचेपेक्षा कठीण आणि ठिसूळ दगड. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा काढणे, गोलाईला गोलाई जुळवणे, आणि हे सारे हातापायाने फिरवलेल्या चाकावर, हे काम कोणत्याही काळात सोपे मानता येणार नाही. कप्प्याच्या तळाशी आधी लुकण, म्हणजे चिकटवणारा लगदा भरीत, त्यावर सोन्याचा अतिशय पातळ डांक, म्हणजे खड्याखाली ठेवायचा वर्ख ठेवीत आणि मग खडा. हा डांक सपाट नसे. ठशाने त्यावर बारीक चौकटींची जाळी उठवलेली असे. खड्यातून आत गेलेला प्रकाश त्या जाळीच्या असंख्य उतारांवर आपटून परत येतो, आणि एरवी काळपट दिसणारा गडद गार्नेट पेटल्यासारखा लाल दिसतो. एखाद्या ब्रोचातला खडा पडून गेला असेल तर त्या रिकाम्या कप्प्यात ही जाळी उघडी दिसते. संग्रहालयात गेलात तर असा मोडका ब्रोच शोधून पाहा, अखंड ब्रोचापेक्षा तो अधिक शिकवतो.

हे फॅशन राजदरबारातून पसरले. फ्रँकांचा राजा पहिला शिल्डेरिक ४८१ किंवा ४८२ मध्ये वारला; त्याचे थडगे १६५३ मध्ये तुर्ने येथे सापडले, आणि त्यात तलवारीच्या मुठीपासून सोन्याच्या मधमाश्यांपर्यंत अनेक वस्तूंवर हेच लाल जडावकाम होते. दुर्दैवाने १८३१ मध्ये पॅरिसमधून त्या खजिन्याची चोरी झाली आणि बहुतेक सोने वितळवले गेले. आपल्या हाती आज जे आहे ते थोड्या उरलेल्या वस्तू आणि १६५५ मध्ये शिफ्ले या विद्वानाने छापलेली चित्रे. त्या थडग्यातही सोन्याचा एक ब्रोच होता, पण तो रोमन अधिकाऱ्याच्या खांद्यावरचा, पुरुषाचा. स्त्रियांच्या ब्रोचांशी त्याची गल्लत करू नये.

आता भारताबद्दल. आधार आहे, आणि तो भक्कम आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या खाली एक कण-त्वरक, म्हणजे अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र आहे. त्याच्या साहाय्याने खड्याला धक्का न लावता त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण मोजता येते. थॉमा कालिगारो आणि पात्रिक पेरँ या संशोधकांनी या पद्धतीने मेरोव्हिंजियन गार्नेट मोठ्या संख्येने तपासले. पाचव्या आणि सहाव्या शतकांतील खड्यांचा मोठा वाटा भारतातील, विशेषतः राजस्थानातील खाणींशी जुळतो, आणि काही खडे श्रीलंकेशी. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील गार्नेट दिसू लागतात आणि पूर्वेकडचे घटत जातात. तांबड्या समुद्रावरील व्यापार इराणच्या सासानी सत्तेमुळे तुटला, हे त्याचे जुने स्पष्टीकरण. पश्चिमेकडील बदलत्या आवडीलाही काही अभ्यासक तितकेच महत्त्व देतात.

बोहेमियाचा खडा काही मिलिमीटरांचाच असतो. त्याचे रुंद पत्रे निघत नाहीत. त्यामुळे सातव्या शतकातील ब्रोच पाहिले की कारागिराची अडचण आणि तिच्यातून त्याने काढलेली वाट दोन्ही दिसतात: संपूर्ण पृष्ठभाग खड्यांनी भरणे बंद होते, सोन्याच्या पत्र्यावर पिळलेल्या बारीक तारेचे काम येते आणि त्यात मोजके लाल, निळे, हिरवे खडे किंवा काचेचे तुकडे उंच कोंदणात विखरून बसवलेले असतात. केवळ आवड बदलली म्हणून ही घडण बदलली, असे मला वाटत नाही. हाताशी कोणता दगड आहे यावर जडावकाम ठरते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात ‘कल्लियाना’, म्हणजे आपले कल्याण, मोठे व्यापारी ठाणे म्हणून येते. तेथून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड जाई, असे तो सांगतो. गार्नेटचा उल्लेख तेथे नाही. ज्या मालाला तो ‘अलाबांदेनम’ म्हणतो आणि ज्याचा अर्थ पुष्कळ अभ्यासक गार्नेट असा घेतात, तो त्याने पूर्व किनाऱ्यावरील ‘काबेर’, म्हणजे बहुधा कावेरीपट्टणम, या बंदराशी जोडला आहे. तेव्हा फ्रँक ब्रोचांतले खडे कल्याणहून गेले, असे कोणी ठोकून देत असेल तर त्याला पुरावा विचारावा.

ऱ्हाइनकाठ:

मी अनेक वर्षे कोलोनजवळ राहते आणि या विषयावरील प्रदर्शने चुकवत नाही. आपल्या जमातीच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

ब्रोचाच्या घडणीवरून जमात ठरवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली. अमुक घडणीचे ब्रोच जेथे अधिक सापडतात तो फ्रँकांचा मुलूख, तमुक घडणीचे जेथे सापडतात तो अलामानांचा, असे नकाशे काढले गेले. आणि एखाद्या थडग्यात परका ब्रोच निघाला की ती परमुलखातून लग्न होऊन आलेली सून, असा निष्कर्ष निघे. यातला दोष उघड आहे. ब्रोच विकत घेता येतो, आहेर म्हणून मिळतो, आईकडून मुलीकडे येतो, आणि कारागीरही गावोगाव फिरतो. घडण कोठल्या कार्यशाळेची, हे ब्रोच सांगू शकतो. तो लावणारी स्त्री स्वतःला कोण म्हणवून घेत होती, हे सांगण्याची ताकद त्याच्यात नाही. पुरातत्त्वज्ञ सेबास्टियन ब्राथर यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली, आणि माझ्या मते ती रास्त आहे, जरी जर्मनीतील सगळ्यांना ती मान्य नाही.

त्यापेक्षा वय हा धागा मला फार मोलाचा वाटतो. गाय हॉल्सॉल या इतिहासकाराने मेत्झच्या परिसरातील दफनभूमींचा अभ्यास केला. तेथे सहाव्या शतकात दागिन्यांनी सर्वाधिक सजलेल्या थडग्यांत लग्नाच्या वयाच्या आणि तरुण माता असलेल्या स्त्रिया प्रामुख्याने आढळल्या. वृद्ध स्त्रियांबरोबर पुष्कळदा थोडेच सामान होते. तरुण स्त्री वारली की दोन घराण्यांमधला दुवाच तुटत असे, म्हणून तिच्या अंत्यविधीला जमलेल्या लोकांसमोर घराण्याची पत दाखवणे अधिक निकडीचे होई, असा त्याचा अर्थ लावला जातो. कोलोनच्या कॅथेड्रलखाली १९५९ मध्ये ओटो डोपेलफेल्ड यांना सापडलेली स्त्री याच वयोगटातली, तिशीच्या आतबाहेरची होती. साधारण इ.स. ५४० च्या सुमाराचे ते थडगे. अंगावर चार ब्रोच होते, त्यांपैकी कमानदार जोडी सोन्याची आणि गार्नेटने जडवलेली. ती फ्रँक राजा थ्यूडेबर्टची पत्नी विझिगार्ड असावी, असा अनेकांचा कयास आहे. तसे असेल तर ती जन्माने लाँगोबार्ड, म्हणजे दुसऱ्याच एका जर्मानिक जमातीची होती. सर्वांत देखणा ‘फ्रँक’ वेश अंगावर असलेली स्त्री मुळात फ्रँक नसण्याची ही शक्यता, जमातीच्या नकाशांवर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

आणखी एका ब्रोचाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. माइन्झजवळच्या फ्रायलाउबर्सहाइम येथे सापडलेल्या, सहाव्या शतकातील एका कमानदार ब्रोचाच्या पाठीवर रुना या जुन्या जर्मानिक लिपीत चार शब्दांहून थोडा अधिक मजकूर कोरलेला आहे. सर्वसाधारणपणे मान्य असलेले वाचन असे: ‘बोसोने रुना लिहिल्या, दाथिनाने तुला अभिवादन केले.’ बोसो कोण, दाथिना त्याची कोण लागत होती आणि ‘तू’ म्हणजे नेमके कोण, यावर कितीही तर्क करता येतील. पण मजकूर पाठीवर आहे, कापडाच्या बाजूला. ब्रोच लावल्यावर तो चारचौघांना दिसणार नव्हता. तो ज्या व्यक्तीसाठी होता तिला आणि कोरणाऱ्यालाच तो ठाऊक. पुराविद्यार्थी यांनी पाठ पाहण्याचा सल्ला दिला आहे, त्याला हे आणखी एक कारण.

रेशीमधागा:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता माझ्या टिपणातील चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. एक शंका मात्र उरते. सहाव्या शतकाच्या मध्यानंतर चार ब्रोचांचा वेश नाहीसा होतो आणि पुढे थडग्यांत दागिने ठेवणेही थांबते. फ्रँकांच्या क्लोव्हिस राजाने बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर चर्चने दागिन्यांसह दफन करण्याला विरोध केला, म्हणून हे घडले असे समजावे का?

पुराविद्यार्थी:

तसे समजू नये. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा बाप्तिस्म्याशी थेट संबंध जोडता येत नाही. क्लोव्हिसचा बाप्तिस्मा इ.स. ५०० च्या आगेमागे झाला. थडग्यांत वस्तू ठेवण्याची रीत त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे चालू राहिली आणि इ.स. ७०० च्या सुमारास विरत गेली. त्या काळातील चर्चने या रितीवर सरसकट बंदी घातल्याचे आढळत नाही. उलट सर्वांत श्रीमंत थडगी चर्चच्या आतच आहेत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे राणी अर्नेगुंड. १९५९ मध्येच, पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चखाली मिशेल फ्लरी यांना एक दगडी शवपेटी सापडली. आतल्या स्त्रीच्या बोटात ‘अर्नेगुंडिस’ हे नाव कोरलेली अंगठी होती. ही फ्रँकांच्या पहिल्या क्लोथार राजाची पत्नी आणि राजा शिल्पेरिकची आई. तूरचा बिशप ग्रेगरी तिच्याबद्दल एक हकिकत सांगतो. राणी इंगुंडने आपल्या बहिणीसाठी एखादा थोर आणि धनवान नवरा शोधावा अशी राजाला विनंती केली. राजाने जाऊन बहिणीला पाहिले आणि, माझ्याहून योग्य कोणी मिळाला नाही, असे सांगून तिच्याशी स्वतःच लग्न केले. ती बहीण म्हणजे ही अर्नेगुंड. हाडांच्या नव्या तपासणीनुसार ती साधारण साठीची असताना, सुमारे इ.स. ५८० च्या आसपास वारली. वृद्ध स्त्रियांबरोबर सामान थोडे असते हा जो मुद्दा वर आला, तो राजघराण्याला लागू पडत नाही, हे यावरून दिसते.

तिच्या अंगावर रेशमी वस्त्र होते, बाह्यांच्या काठावर सोन्याच्या तारेचे भरतकाम होते, कमरेला भलीमोठी बकल होती, शिवाय एक लांब शोभेची टाचणी आणि गार्नेटने जडवलेल्या गोल ब्रोचांची जोडी. कमानदार ब्रोच मात्र नाहीत. चाळीसेक वर्षांपूर्वी कोलोनच्या स्त्रीने जे चार लावले होते, त्यांतले खालचे दोन येथे गळून गेले आहेत. पुढे सातव्या शतकात जोडीही मोडते आणि गळ्यापाशी उपरणे अडकवणारा एकच मोठा गोल ब्रोच उरतो. कोंदण यांनी वर्णन केलेले तारकामाचे ब्रोच ते हेच. भूमध्य समुद्राकाठच्या, विशेषतः बायझंटाईन दरबाराच्या वेशाकडे फ्रँक सरदारघराण्यांतील स्त्रिया वळल्या, असे याचे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासक देतात, आणि एकाच टाचणीने बंद होणारे उपरणे पाहिले की ते पटते.

ज्यांनी धर्मासाठी दागिने सोडले अशा स्त्रियाही होत्या, पण त्यांनी ते जिवंतपणी सोडले. क्लोथारचीच आणखी एक पत्नी राडेगुंड राजवाडा सोडून धर्मजीवनाकडे वळली, तेव्हा तिने आपली उंची वस्त्रे आणि रत्ने वेदीवर अर्पण केली. तिला प्रत्यक्ष ओळखणारा कवी फोर्तुनातुस तिच्या चरित्रात या वस्तूंची नावे देतो, आणि त्यांत सोन्याने मढवलेले ब्रोचही आहेत. एकाच राजाच्या दोन राण्यांपैकी एकीचे ब्रोच चर्चला दान गेले आणि दुसरीचे तिच्याबरोबर चर्चच्याच जमिनीखाली गेले. त्या काळाला यात काही विसंगती वाटली नाही.

टिपणासाठी चित्र काढवून घेणार असाल तर कोलोनची स्त्री आणि अर्नेगुंड या दोघींची आकृती शेजारी शेजारी द्यावी, आणि प्रत्येक ब्रोचाची जागा उत्खननाच्या रेखाटनावरूनच घ्यावी. बाजारातून विकत घेतलेल्या जुन्या संग्रहांतील ब्रोच, मग ते कितीही सुंदर असोत, जागा दाखवण्यासाठी वापरू नयेत, कारण ते कोणाच्या अंगावर कोठे होते याची नोंदच नसते. अर्नेगुंडचे दागिने सँ-जेर्मँ-आँ-ले येथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत आणि कोलोनचे तेथील कॅथेड्रलच्या खजिन्यात. दोन्हीकडे पत्र लिहून पाठीची छायाचित्रे मागून पाहा.